दार न हरवता मोरीपर्यंत

साइटवर माझ्या हातून एक चूक झाली आणि त्यापायी म्हातारपणी मला मॉनिटर निवडायला बाजारात जावं लागलं. मॉनिटर मला तोवर शाळेतला ठाऊक होता, फळ्यावर नावं लिहून मास्तरांचा मार खायला लावणारा. शाळा माझी चौथीपर्यंतच, त्यात निम्मा वेळ माझं नाव त्या फळ्यावर. पुढं गवंड्याच्या हाताखाली लागलो, मग गवंडी झालो, मग मिस्त्री. पनवेलच्या अंगाला चाळीस वर्षं तेच केलं.

चूक सांगतो. लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

सुकापूरला आमची चार मजल्यांची इमारत चालू होती. मधे जिना, जिन्याच्या डाव्या हाताला एक घर, उजव्या हाताला एक. दोन्ही घरं सारखीच, पण आरशात बघावं तशी उलटी. डाव्या घरात स्वयंपाकघर डाव्या हाताला नि मोरी-संडास उजव्या हाताला, म्हणून उजव्या घरात बरोबर उलट. आता, मोरी-संडासाखालचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा वीतभर खाली सोडतात, पाइप लपवायला. मी उजव्या घरात तो खड्डा स्वयंपाकघराच्या जागी सोडला. फळ्या ठोकल्या, लोखंड बांधून झालं, दुसऱ्या दिवशी स्लॅब भरायचा. दुपारी प्लंबर पाइप घेऊन वर चढला, उभा राहिला, बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, ओट्याखाली संडास करताय काय? भाकरी भाजता भाजता उरकायचं?"

सगळे हसले. बिगारी बायका घमेली खाली ठेवून हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार.

साहेब आले. साहेब म्हणजे आमचे इंजिनीअर. वयानं माझ्या मुलासारखे शोभतील, पण वीस वर्षं त्यांचंच काम करतोय. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मिस्त्री, प्लॅन बघितला होता ना?"

बघितला होता. तेच तर. पूर्वी प्लॅन कागदावर यायचा, जेवायच्या चटईएवढा, औषधाचा वास मारणारा. तो छापून देणारं दुकान बंद पडलं. आणि साहेबांचं म्हणणं, कागद काढून आणेपर्यंत प्लॅन बदललेला असतो. म्हणून साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्याची काच परातीएवढी. तिच्यात चटईएवढा प्लॅन घालायचा. अख्खा घातला तर आकडे मुंगीएवढे. मोठा केला तर आकडे दिसतात, पण तुम्ही कुठं आहात ते दिसत नाही. जिना बाहेर, दार बाहेर. एक मोरी आणि एक ओटा समोर. डाव्या घरातला की उजव्या, कोण सांगणार? मी उजवा समजलो. तो डावा होता.

दोन दिवस लोखंड सोडवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच समजलो.

"खारघरला सात मजली सुरू होतेय," ते म्हणाले. "प्लॅन याच्या दुप्पट मोठे. रोज बदलणार. तुम्हाला दिसत असेल तर काम तुमचंच. नसेल दिसत, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

"दिसतं मला," मी म्हटलं. "दोन्ही डोळ्यांचे मोती काढलेत. सूतभर फरक लांबून सांगतो. तुमचा डबा लहान आहे."

"मग तुम्हाला दिसेल असा निवडून आणा. बिल ऑफिसच्या नावावर. सोमवारी त्याच्यावर सात मजलीचा प्लॅन वाचून दाखवा, मग ठरवू."

ठरवू, म्हणजे मला घरी बसवायचं की नाही ते. घरी काय होतं? श्रावणात बायको गेली होती. सहा महिने झाले होते. चूल थंड, म्हणजे गॅसच, पण थंडच. मुलगी खारघरला चौदाव्या मजल्यावर राहते. ती रोज फोनवर म्हणायची, बाबा, पुरे झालं, इकडे या. तिकडे गेलो की दिवसभर गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या क्रेन बघायच्या. साइट होती म्हणून सकाळी पायात चपला घालत होतो. साइटच गेली तर चपलांचंही कारण गेलं.

ऑफिसातल्या ड्रॉइंगवाल्या मॅडमनी मला सात मजलीचा प्लॅन एका पेनमध्ये घालून दिला. पेन म्हणतात, पण त्यानं लिहिता येत नाही. "काका, हरवू नका," म्हणाल्या. "दुकानात त्यालाच लावायला सांगा. खिशाला लावून लिहायचं पेन नाही ते." मी रुमालाच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवलं. आणि घरून एक जुना कागदी प्लॅनही काखेत मारला. कॉम्प्युटरवाला काही बोलायला लागला तर त्याला कागद दाखवून गप्प करायचं, एवढंच डोक्यात होतं.

टपाल नाक्याच्या आतल्या गल्लीत त्याचं दुकान. पूर्वी तिथं त्याच्या बापाचं दोर-जाळ्यांचं दुकान होतं. कोळी जाळी न्यायचे, आम्ही गवंडी लाइनदोरी. बाप गेला, मुलगा बारा वर्षं दुबईला राहून आला, त्यानं दोर विकून टाकले नि कॉम्प्युटर मांडले. पन्नाशीचा असेल. मला ओळखायचा.

"या चाचा, बसा. दोरी आता नाय मिळत हां."

"दोरी नको. मॉनिटर दे."

"केवढा?"

"मोठा."

त्यानं एक दाखवला. चोवीस इंची म्हणाला. मी खिशातून टेप काढला आणि आडवा लावला. एकवीसला एक सूत कमी. उभा लावला, बाराला कमी. टेप तसाच धरून मी त्याच्याकडे बघितलं.

"भाई, चोवीस म्हणतोस आणि हा एकवीससुद्धा भरत नाही. तुझा बाप हातभर दोरी जास्त द्यायचा."

तो हसला नाही. टेप माझ्या हातातून घेऊन त्यानं वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरका लावला. चोवीस.

"हे तिरकं मोजतात, चाचा."

मला खरंच शरम वाटली. आयुष्यभर खोली काटकोनात आहे की नाही हे मी तिरकं मोजूनच बघितलं. हा कोपरा ते तो कोपरा, मग उलटे दोन कोपरे, दोन्ही सारखे भरले तर खोली सरळ. शेकडो खोल्या अशा मोजल्या असतील. आणि इथं चोर चोर म्हणून ओरडायला निघालो होतो. पण मी माफी मागितली नाही. म्हटलं, "मग तसं आधी सांगायचं."

त्यानं रुमालातलं पेन सोडवून घेतलं, कॉम्प्युटरला लावलं, प्लॅन उघडला. चोवीस इंचीत आमच्या ऑफिसपेक्षा बरं दिसत होतं. पण काच चकाकणारी. वर ट्यूबलाइट, मागं गल्ली, मधे मी. प्लॅनपेक्षा मीच जास्त दिसत होतो. दाढी वाढलेली, कॉलर मळलेली. घरात आरशात मी बघत नाही हल्ली.

"हा नको. ह्याच्यात माणसं दिसतात."

"चमकणारा लोकांना आवडतो. सिनेमाला बरा."

"मला सिनेमा नाही बघायचा."

मग त्यानं सत्तावीस इंची लावला, बिनचकाकीचा, मळक्या पांढऱ्या काचेसारखा. केवढा तरी मोठा. मला वाटलं झालं काम. पण आकडे बघतो तर कडा फाटलेल्या, आठ आणि तीन ओळखू येईनात.

"हे असं का?"

तो म्हणाला, काचेत ठिपके असतात, ठिपक्यांनीच सगळं उमटतं. ह्याच्यात नि मघाच्या चोवीसात ठिपके तेवढेच आहेत, फक्त काच मोठी झालीय.

"म्हणजे चाळणी," मी म्हटलं. "चाळणी मोठी केली पण भोकं तेवढीच ठेवली. भोकं मोठी होणारच. प्लास्टरची वाळू ह्यातून नाही निघणार."

"बरोबर!" तो म्हणाला. "आजवर गिऱ्हाईकांना हेच सांगायला हवं होतं. मला नाय सुचलं कधी." आणि आतून आणखी एक खोका आणायला गेला. जाता जाता म्हणाला, "नाय तर दोन चोवीस बाजूबाजूला लावा. स्वस्तात पडतं. खूप इंजिनीअर तसंच करतात."

दोन लावून दाखवले. जोड बरोबर जिन्यावर आला. अर्धा जिना ह्या काचेत, अर्धा त्या.

"नको. जिथं जोड तिथं गळती."

"चाचा, ह्यात पाणी नाय येत."

"माझ्यासाठी येतं."

तो कंटाळला असेल, पण दाखवलं नाही. चहा मागवला. चहा येईपर्यंत मी काखेतला कागद सोडला, काउंटरवर पसरला, त्याला दाखवायला की मूळ केवढा असतो. कागदाला गुंडाळून गुंडाळून वळण पडलेलं. सोडला की परत मिटतो. माझा हात आपोआप इकडेतिकडे जायला लागला, कोपऱ्यावर ठेवायला वजन शोधत. मी वरवंटा शोधत होतो. कॉम्प्युटरच्या दुकानात वरवंटा.

इथं मागचं थोडं सांगायला हवं. माझी बायको शाळेची पायरी चढली नव्हती. माहेर कर्नाळ्याच्या पायथ्याचं. मी प्लॅन घरी आणायचो, दिवेलागणीला स्वयंपाकघरातच जमिनीवर पसरायचो, कारण बाहेरच्या खोलीत जागा नाही. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर डाळीचा डबा, एकावर माझा काटकोन बघायचा गुण्या. चौथ्या कोपऱ्यावर ती गुडघा टेकायची. भाजी शिजत असायची. मी आकडे वाचायचो. तिला आकडे कळत नव्हते. ती बोट ठेवायची दारावर आणि चालायला लागायची.

"दारातून शिरली. चपला काडल्या. हा हॉल. आता मोरीत जायचाय, कुठनं जाऊ?"

"हितून, डावीकडनं."

"तुमी बोलू नका. मना दिसतंय."

असं प्रत्येक घराचं करायची. सोळा घरं असली तर सोळा वेळा दारातून शिरायची. मी म्हणायचो, अगो, सगळी सारखीच आहेत. ती म्हणायची, "सारखी हायत तर तुमी एकाच घराचं भाडं घ्या नि सोळा माणसं राववा." कधी ओट्याशी थांबायची. "हितं बाई उबी हाय. मागून दार उगारलं. तिचे ढुंगनाला लागंल. बाई वळंल कुठनं?" मी हसायचो. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगायचो, साहेब, हे दार उलटं उघडायला हवं, ओट्याशी अडतं. साहेब म्हणायचे, मिस्त्री, तुमची नजर म्हणजे नजर. मी मान हलवायचो. तिचं नाव कधी सांगितलं नाही. बायको प्लॅन वाचते असं सांगितलं तर साइटवर हसले असते, असं मला वाटायचं. आता वाटतं, हसले असते तर हसले असते.

"हे डाग कसले?" दुकानदार कागदावर वाकला होता. प्रत्येक घराच्या दारापासून एक पिवळी रेघ निघत होती, हॉलमधून, वळून, मोरीपर्यंत. काही ठिकाणी ओट्याशी पिवळा ठिपका.

"हळद," मी म्हटलं. "स्वयंपाक करता करता बोट लावायची."

"भाभी? कशा हायत त्या?"

त्याला माहीत नव्हतं. गल्लीतल्या माणसाला कसं माहीत असणार.

"गेली. श्रावणात."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. इन्ना लिल्लाही... असं, कुणी गेल्याचं कळलं की त्यांच्यात म्हणतात ते पुटपुटला. त्यानं सांत्वन केलं नाही, ते बरं झालं. माझ्याकडे सांत्वनाचा साठा भरपूर झाला होता. त्यानं कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. दोन माउस, एक टेप, एक चहाचा ग्लास.

मी त्या पिवळ्या रेघांकडे बघितलं आणि मला तिथंच कळलं. सुकापूरच्या उजव्या घरात मी दारातून शिरलोच नव्हतो. मी सरळ मोरीत उतरलो होतो, आकडा शोधत. चाळीस वर्षांत दारातून शिरण्याचं काम मी कधी केलंच नव्हतं. ते तिचं होतं. काच लहान होती हे खरं. पण काचेवर सगळं ढकलणं म्हणजे खोटेपणा झाला असता.

"भाई," मी म्हटलं, "मला असा दे, की दारावर बोट ठेवलं आणि लांबच्या मोरीपर्यंत गेलो तर दार काचेच्या बाहेर जाता कामा नये. आणि मोरीचा आकडा वाचता आला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी."

"असं कुणी मागितलं नव्हतं आजवर," तो म्हणाला. "लोक रंग विचारतात."

त्यानं आतून आणलेला खोका उघडला. हाही सत्तावीस इंची, बिनचकाकीचा, पण ठिपके बारीक, जवळजवळ दुप्पट. महाग होता. सात मजलीचा एक मजला त्यात उघडला. चार घरं. मी खुर्ची पुढं ओढली, चष्मा वर केला आणि जिन्याजवळच्या दारावर बोट टेकवलं.

"चाचा, बोट नाय लावायचं. काचेला डाग पडतात."

"पडू दे."

शिरलो. हॉल. पॅसेज. डावीकडे वळलो. मोरी. चार फूट साडेसहा इंच. वाचता आलं. मागं बघितलं तर दार होतं तिथंच. दुसऱ्या घराच्या दारातून शिरलो. तिसऱ्या. चौथ्या. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानं थांब म्हणून सांगितलं. चौथ्या घरातून बाहेर आलो तेव्हा मला धाप लागली होती. खरं तर खुर्चीवरच बसून होतो.

"हा," मी म्हटलं.

"आधी घरी न्या, दोन दिवस बघा. तसल्ली नाय झाली तर परत आणा."

"घरी कॉम्प्युटर नाही. आणि घरी वीज फुकट जाते."

सोमवारी तो साइट ऑफिसात लागला. मॅडमनी तारा जोडल्या, साहेब मागं उभे राहिले. मला माहीत होतं, आज वाचता आलं नाही तर माझा खेळ संपला. मी चष्मा पुसला. मॅडमनी आदल्या दिवशी बदललेला प्लॅन उघडला, मी पाहिलेला नव्हता.

"वाचा, मिस्त्री," साहेब म्हणाले.

मी आकड्यांपासून सुरू नाही केलं. बोट दारावर ठेवलं. तोंडातून आपोआप आलं, "दारातून शिरलो. चपला काढल्या." मॅडमनी साहेबांकडे बघितलं. मी थांबलो नाही. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. पहिलं घर झालं, दुसरं झालं. तिसरं घर पहिल्याच्या उलटं होतं. त्यात शिरलो, स्वयंपाकघरात गेलो नि बोट ओट्याशी थांबलं. घर उलटं केलं होतं पण दार उलटं करायचं राहिलं होतं. दार आत उघडत होतं, थेट ओट्यावर.

"इथं बाई उभी आहे," मी म्हटलं. "मागून दार आलं. बाई वळणार कुठून?"

मॅडम पुढं वाकल्या. माउस फिरवला, मोजलं. "अय्या, खरंच. सव्वादोन फूट राहतंय. कॉपी करताना राहिलं माझ्याकडून."

"हे तुम्ही नेहमीच विचारता," साहेब म्हणाले. "सुकापूरच्या आधीच्या बिल्डिंगलाही हेच पकडलं होतंत. म्हणून म्हणतो ना, तुमची नजर..."

"माझी नव्हती ती नजर," मी म्हटलं. "तिची होती. घरी प्लॅन पसरायचो, ती बोट घेऊन फिरायची. दारं सगळी तिनं पकडली. मी फक्त तुम्हाला येऊन सांगायचो. सुकापूरला ती नव्हती, म्हणून ओट्याखाली संडास झाला."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. मला वाटलं, गेलं काम. तोंड बंद ठेवलं असतं तर मिळालं असतं. पण आता परत गिळता येत नव्हतं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे आल्यापासून. त्याच्या आधीपासूनही."

"आणि आज कोणी बघितलं?"

"आज मीच."

साहेबांनी मॅडमना दार उलटं करायला सांगितलं. मग मला म्हणाले, "गुरुवारपासून खारघर. सात मजले आहेत, मिस्त्री, झेपेल ना?"

"झेपेल असं नाही म्हणत," मी म्हटलं. "येतो."

ते गेले. मॅडमनी प्लॅन बंद केला. काच काळी झाल्यावर तिच्यावर माझ्या बोटाची वाट दिसायला लागली. दारापासून मोरीपर्यंत, तेलकट, दोन वेळा; तिसरी ओट्याशी थांबलेली. मॅडमनी ड्रॉवरमधून एक फडकं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"काका, जाताना काच पुसून जा हं."

"हो," म्हटलं.

पुसली नाही. दमलो होतो. फडक्याची घडी करून तिथंच ठेवली, म्हटलं उद्या पुसतो.